आल्याचा व्यापारी आणि तारवाची चिंता

संस्कृत पंडितांच्या वादसभांतून एक मार्मिक न्याय फार काळापासून चालत आलेला आहे. आले विकणाऱ्या वाण्याने तारवाची चिंता कशाला वाहावी, असा त्याचा आशय. बंगाली भाषेत तो म्हणीच्या रूपाने आजही जिवंत आहे. पाटीभर आले घेऊन बाजारात बसणारा सामान्य माणूस कुठे आणि समुद्रावर डौलाने चालणारी लक्षावधींची तारवे कुठे! ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही त्याने त्यात लक्ष घालू नये, हा बोध करून देण्यासाठी पंडितांनी हे उदाहरण योजले. न्याय म्हणून ते ठीकच आहे. इतिहास म्हणून मात्र ते साफ चुकीचे आहे. आल्याच्या व्यापाऱ्याला तारवाची चिंता वाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. गेल्या दोन हजार वर्षांत हा ओबडधोबड कंद जितका जलप्रवास करून आला तितका फार थोड्या औषधींच्या वाट्यास आला असेल.

आल्यासारख्या क्षुल्लक वस्तूचा इतिहास लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे आहे. आपल्या घरगुती औषधांविषयी सुशिक्षित समाजात आज दोन वृत्ती दिसतात. एका पक्षाच्या मते जे जे काही होते ते सर्व आमच्या पूर्वजांनी सांगून ठेवलेले आहे. नव्या संशोधनाने त्यावर फक्त शिक्का मारावयाचा. दुसऱ्या पक्षाच्या मते हे सारे आजीबाईच्या बटव्यातील भाबडेपण होय. सुशिक्षिताने त्याचा विचारही करू नये. हे दोन्ही पक्ष परस्परांचे वैरी असले तरी एका बाबतीत सख्खे भाऊ आहेत. दोघांनीही या ज्ञानाचा इतिहास पाहिलेला नाही. ते ज्ञान कोणी मिळवले, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, वाटेत त्यात काय भर पडली आणि काय गळून गेले, याची चौकशी दोघांनाही नको असते. आल्याची कुडी हाती घेऊन ही चौकशी किती दूरवर जाते ते आपण पाहू.

प्रथम नावांचा विचार करू. मराठीत आपण ओल्या कंदाला आले म्हणतो आणि वाळलेल्याला सुंठ. वस्तू एकच, पण नावे दोन, आणि त्या दोन नावांमध्ये काहीही साम्य नाही. 'आले' हा शब्द संस्कृत 'आर्द्रक' यापासून प्राकृत 'अल्लय' या पायरीने आला. आर्द्र म्हणजे ओले. तेव्हा जे ओले ते आले, इतका हा सरळ हिशोब आहे. 'सुंठ' ही 'शुंठी'पासून आली. आमच्या कोकणीत हीच जोडी आहे. बडोद्याच्या वाचकांना 'आदु' आणि 'सूंठ' परिचित आहेत, इंदूर-ग्वाल्हेरकरांना 'अदरक' आणि 'सोंठ', हैदराबादकरांना तेलुगूतील 'अल्लम' आणि 'शोंठी'. कानडीत 'शुंठी' हा शब्द दोहोंसही चालतो. ओली ती 'हसी शुंठी' आणि वाळलेली ती 'ओण शुंठी'. तथापि बेळगाव-धारवाडकडील बोलण्यात ओल्या आल्यास 'अल्ल' म्हणतातच. तमिळमध्ये ओले ते 'इंजि' आणि वाळलेले ते 'सुक्कु'. एवढ्या भाषांनी एकाच कंदास ओला आणि सुका म्हणून वेगळे ओळखावे, ही केवळ शब्दांची हौस नव्हे. यामागे वापराचा भेद आहे. त्या भेदाकडे आपण पुढे येऊच.

संस्कृतात आल्याला आणखी एक नाव आहे, 'शृंगवेर'. शिंगासारखे ज्याचे शरीर ते शृंगवेर, अशी त्याची व्युत्पत्ती टीकाकार देतात. आल्याच्या कुडीला फुटलेले फाटे पाहिले म्हणजे ही व्युत्पत्ती कोणालाही पटावी. परंतु भाषाशास्त्रज्ञांनी तिचा कसून तपास केला तेव्हा निराळेच चित्र दिसले. इंग्लंडमधील भाषापंडित ॲलन रॉस यांनी १९५२ साली या एका शब्दाच्या प्रवासावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. तमिळ-मलयाळममध्ये 'इंजि' म्हणजे आले आणि 'वेर' म्हणजे मूळ. हा 'वेर' कानडीतील 'बेरु'चा सख्खा भाऊ होय. 'इंजि'च्या आरंभी प्राचीन काळी एक व्यंजन होते आणि पुढे ते लोपले, असे मानले जाते. पालीतील 'सिंगिवेर' या रूपात ते व्यंजन सकाराच्या रूपाने टिकून राहिले. संस्कृत पंडितांनी त्याच शब्दाला आपल्या कानाला ओळखीचे असे 'शृंग' जोडून 'शृंगवेर' घडवले. म्हणजे दक्षिणेकडच्या शेतकऱ्याने दिलेल्या नावावर संस्कृताने शिंगाचा मुकुट चढवला, एवढेच. तेच नाव पुढे ग्रीकांत 'झिंगिबेरिस', लॅटिनमध्ये 'झिंगिबेरी', अरबीत 'झंजबील', पोर्तुगीजांत 'जेंजिब्र' आणि इंग्रजीत 'जिंजर' झाले. आमच्या शाळांतील मुले 'जिंजर' हा शब्द इंग्रजी म्हणून पाठ करतात. तो आपल्याच दक्षिण किनाऱ्यावरून निघून, अर्धे जग हिंडून, वेष पालटून परत आलेला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नाव दक्षिण हिंदुस्थानातले म्हणून वनस्पतीही मूळची येथलीच, असे म्हणता येत नाही. आले आज रानटी अवस्थेत कोठेही आढळत नाही. त्याला सहसा बी धरत नाही. कुडीचा डोळा असलेला तुकडा जमिनीत लावूनच त्याची वाढ करावी लागते. आग्नेय आशियाच्या द्वीपसमूहातील लोकांनी आपल्या होड्यांतून ते फार प्राचीन काळी इकडे तिकडे नेले, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे. तात्पर्य, माणसाने हाताने लावल्याखेरीज जे झाड एक पाऊल पुढे जात नाही, ते सर्व उष्ण प्रदेशांत पसरलेले आहे. त्याचे प्रत्येक पाऊल कोणा ना कोणा माणसाचे पाऊल आहे.

आता ग्रंथांकडे वळू. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना कोणती औषधे जवळ बाळगता येतील याची चर्चा आहे. तेथे मूळरूप औषधांच्या यादीत हळदीच्या लगोलग सिंगिवेराचे नाव येते. भिक्षूने अन्नाचा संचय करू नये हा नियम कडक. पण ही मुळे जन्मभर जवळ ठेवण्यास मुभा होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नी प्रदीप्त करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात शृंगवेर आहे. सुश्रुताने पिंपळी आणि मिरे यांच्याशी त्याची सांगड घातली. तेच आपले 'त्रिकटु'. अमरकोशात सुंठीची जी नावे दिली आहेत त्यांत 'महौषध' आणि 'विश्वभेषज' ही दोन आहेत. विश्वभेषज म्हणजे सर्व रोगांचे औषध! कोशकाराने ही नावे कोणत्या वर्गात घातली, हेही पाहण्यासारखे आहे. वनौषधींसाठी अमरसिंहाने स्वतंत्र वर्ग योजलेला आहे. परंतु आले आणि सुंठ त्याने तेथे न घालता वैश्यवर्गात, मिरे, जिरे, धणे यांच्या पंगतीस बसवली. कोशकाराच्या दृष्टीसमोर रानातली वनस्पती नव्हती, वाण्याच्या दुकानातील व स्वयंपाकघरातील जिन्नस होता. औषध, अन्न आणि व्यापार या तीन गोष्टी आल्याच्या बाबतीत तेव्हापासूनच एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

'विश्वभेषज' या नावावरून प्राचीनांनी आल्याची आंधळी स्तुती केली असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सोळाव्या शतकातील भावमिश्राचा 'भावप्रकाश' पाहावा. जेवणाच्या आरंभी मीठ लावून आले खाणे पथ्यकर आहे, हे तो सांगतो. पण लगेच कोणी खाऊ नये याचीही यादी देतो. कुष्ठ, पांडुरोग, मूत्रकृच्छ्र, रक्तपित्त, व्रण, ज्वर आणि दाह यांत आले वर्ज्य. ग्रीष्म आणि शरद या ऋतूंतही ते हितकर नाही. ओले आले जड, रूक्ष आणि मलाचा भेद करणारे. सुंठ हलकी, स्निग्ध आणि ग्राही, असा भेदही तो करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. सुंठ मलावरोध फोडते असेही म्हणावे आणि ती ग्राही आहे असेही म्हणावे, हे कसे जुळते, असा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो. अवरोध फोडण्याची शक्ती तिच्यात आहे, पण मल बाहेर पाडण्याची नाही, असे त्याचे उत्तर आहे. उत्तर आजच्या वैद्यकास पटो वा न पटो. स्वतःच्या शास्त्रातील विसंगती झाकून न ठेवता ती वाचकापुढे मांडणारी ही वृत्ती आम्हांस फार मोलाची वाटते. परंपरेचा अभिमान धरावयाचा तर तो या वृत्तीचा धरावा.

इकडे ग्रंथांत ही चर्चा चालू असता तिकडे तारवे निघालीच होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये आले विकत मिळत होते. प्लिनी हा रोमन ग्रंथकार त्याचा भाव एका रोमन पौंडास सहा दिनार असा देतो. त्याच ठिकाणी काळ्या मिऱ्याचा भाव चार दिनार आहे. म्हणजे ज्या मिऱ्यापायी रोमचे सोने हिंदुस्थानात वाहून जात होते, त्याहून आले दीडपटीने महाग होते. आले म्हणजे मिऱ्याच्याच झाडाचे मूळ, असा काही लोकांचा समज होता. प्लिनीने तो खोडून काढला. तथापि ते अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी काठावर पिकते, असे त्याने लिहून ठेवले. त्याचा समकालीन वैद्य डायोस्कोरिडीस याचीही समजूत तशीच. हे मूळ लवकर किडते म्हणून काही ठिकाणी ते मुरवून मातीच्या भांड्यांतून इटलीत पाठवतात, असे तो सांगतो. आल्याच्या मूळ देशाविषयीच्या या भ्रमाचे कारण उघड आहे. माल ज्या बंदरात हाती पडला तेच त्याचे जन्मस्थान समजले गेले. मधल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालाचा खरा पत्ता ग्राहकास सांगितला नसेल, तर त्यात नवल ते काय?

पुढे हा व्यापार अरबांच्या हाती आला. कुराणाच्या शहात्तराव्या सूरेत स्वर्गातील पुण्यवंतांना मिळणाऱ्या पेयात झंजबीलाचे मिश्रण असल्याचा उल्लेख आहे. परदेशी कंदास याहून मोठा मान कोणता? चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतच्या बंदरी आला तेव्हा त्याने चिनी गलबते पाहिली. खलाशी आपल्या बायकामुलांसह त्यांवर राहत आणि लाकडी हौदांत माती घालून भाजीपाला व आले लावीत, असे तो लिहितो. आल्याचा व्यापारी तारवाची चिंता करी हे तर खरेच. पण येथे तारवावरचा खलाशीच आल्याची चिंता करताना दिसतो. १४९८ साली वास्को द गामा त्याच बंदरी उतरला. परतताना सामुरीने पोर्तुगालच्या राजास जो निरोप धाडला, त्यात आपल्या देशच्या संपत्तीची गणना करताना दालचिनी, लवंग आणि मिरे यांच्याबरोबर आल्याचेही नाव घातले होते.

आता आपण आमच्या गोमंतकाच्या भूमीवर येतो. १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला आणि मरेपर्यंत येथेच राहिला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूप ग्रंथ लिहिला. तो १५६३ च्या एप्रिल महिन्यात गोव्यातच छापला गेला. या देशातील छपाईच्या अगदी आरंभीच्या काळातील हा ग्रंथ होय. त्यात आल्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरात, दख्खन आणि कानडी मुलखातील लोक ओल्या आल्यास एका नावाने आणि वाळलेल्यास दुसऱ्या नावाने ओळखतात, हे त्याने टिपून ठेवले. यांपैकी ओल्याचे नाव 'अद्रक' म्हणून दिलेले आहे. ग्रीक व अरबी ग्रंथांवर पोसलेल्या या वैद्याचे मोठेपण असे, की त्याने पुस्तकापेक्षा डोळ्यांवर आणि बाजारातील माणसांच्या शब्दांवर विश्वास ठेवला. मात्र ही माणसे कोण होती? संवादांत अंतोनिया नावाची एक दासी ये-जा करते आणि मागितलेली औषधी आणून दाखवते. काही देशी वैद्यही मधूनमधून डोकावतात. बाकीचे सारे निनावी आहेत. १५६७ साली अँटवर्प येथे क्लुसियस या पंडिताने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपभर ओर्ताचे नाव झाले. ओर्ताच्या स्वतःच्या वाट्याला मात्र वेगळीच कीर्ती आली. तो मूळ यहुदी कुळातला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीस धर्मन्यायालयाने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली.

त्याच काळात देशी वैद्यांची स्थिती काय होती? १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती जनांस हिंदू वैद्यांकडून औषधोपचार करून घेण्यास मनाई केली. १६१८ साली नगरपालिकेने हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये असा निर्बंध घातला. कायदा असा होता. व्यवहार कसा होता? १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन लिहितो, की येथील देशी वैद्य केवळ आपल्या लोकांसच नव्हे तर पोर्तुगीजांसही औषध देतात. खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि धर्मगुरू आपल्या देशच्या वैद्यांपेक्षा त्यांच्यावरच अधिक भरवसा ठेवतात. या वैद्यांना रस्त्याने छत्री धरून जाण्याचा मानही होता. सभेत ज्यांना मज्जाव करावयाचा, त्यांनाच आजारात घरी बोलवावयाचे, असा हा प्रकार होता. कायद्याने ज्ञानाची सीमा आखता येत नाही, हे यावरून दिसते. परंतु कायद्याने ज्ञानी माणसाचे नाव मात्र पुसता येते, हेही दिसते.

नाव पुसले न गेल्याचे एक उदाहरण शंभर वर्षांनी घडले. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' हा वनस्पतींचा बारा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन सारस्वत ब्राह्मण त्यास साहाय्य करीत होते. व्हान रेडेने त्यांची प्रमाणपत्रे ग्रंथाच्या आरंभीच छापली. तिघा ब्राह्मणांचे पत्र १६७५ सालचे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. आपल्या निघंटूतून माहिती काढून कसे काम केले ते त्यांनी त्यात सांगितले आहे. अच्युतनाचे, ब्राह्मणांचे आणि व्हान रेडेचे नाव एकाच ग्रंथात आले, हा इतिहासातील दुर्मिळ न्याय होय. आले, अर्थात 'इंजि', या महाग्रंथाच्या अकराव्या खंडात आहे. पुढे लिनियसने १७५३ साली व रॉस्को याने १८०७ साली त्यास शास्त्रीय नावे दिली. आजचे 'झिंजिबर ऑफिसिनाले' हे नाव रॉस्कोचे. 'ऑफिसिनाले' म्हणजे औषधालयातले. पंडितांनी दक्षिणेतील शेतकऱ्याचा शब्द घेतला आणि त्यास औषधालयाचे विशेषण जोडले.

दरम्यान आल्याने अटलांटिक महासागरही ओलांडला होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते वेस्ट इंडीजमध्ये लावले आणि तेथून युरोपास माल जाऊ लागला. ब्राझीलमध्येही ते इतके फोफावले की हिंदुस्थानच्या व्यापारास धक्का बसू नये म्हणून पोर्तुगीज राजास तेथून ते बाहेर नेण्यास मनाई करावी लागली. आज केरळात लागवडीत असलेल्या आल्याच्या जातींपैकी एकीचे नाव 'रिओ डी जानेरो' आहे! गेलेला कंद चार शतकांनी पाहुणा होऊन माघारी आला.

अमेरिकेतील या प्रवासाची एक काळी बाजूही आहे. जमैकाच्या आल्याचा मद्यार्कातील अर्क तेथे पोटदुखीवर औषध म्हणून बाटल्यांतून विकला जाई. दारूबंदीच्या काळात गरीब माणसे तो नशेसाठी पिऊ लागली. सरकारने अर्कातील घन भागाचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हा काही व्यापाऱ्यांनी तपासणीत सापडू नये म्हणून आल्याऐवजी एक औद्योगिक रसायन त्यात मिसळले. १९३० साली हजारो माणसांचे पाय त्यामुळे लुळे पडले. दोष आल्याचा नव्हता; पण बाटलीवर नाव आल्याचे होते. आपल्या हाताने किसलेले आले आणि नाव छापलेल्या बाटलीतील आले यांत किती अंतर पडू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

आधुनिक रसायनशास्त्राने आल्यास काय दिले, हेही सांगितले पाहिजे. १८७९ साली थ्रेश या इंग्रज शास्त्रज्ञाने आल्यातील तिखट द्रव्यास 'जिंजरॉल' हे नाव दिले. १९१७ च्या सुमारास जपानचे नोमुरा यांनी या संशोधनात मोठी भर घातली. 'शोगाओल' या दुसऱ्या द्रव्याच्या नावातील 'शोगा' म्हणजे जपानी भाषेत आलेच. आले वाळवले किंवा तापवले म्हणजे जिंजरॉलमधील पाण्याचा अंश निघून जाऊन त्याचे शोगाओल बनते, आणि ते अधिक तिखट असते. तेव्हा ओले आले आणि सुंठ ही रासायनिक दृष्ट्याही दोन निरनिराळी द्रव्ये ठरतात. मराठीने, गुजरातीने, तेलुगूने, तमिळने त्यांस दोन नावे दिली ती उगाच नव्हेत! कारण त्यांना ठाऊक नव्हते. भेद मात्र ठाऊक होता.

गुणांची परीक्षाही झाली. १९८८ साली डेन्मार्कच्या नौदलातील ८० उमेदवारांवर खुल्या समुद्रात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना एक ग्रॅम आल्याची पूड आणि काहींना दिसण्यात तशीच पण निर्गुण पूड देण्यात आली. आले घेतलेल्यांना वांती आणि घाम यांचा त्रास कमी झाला. तारवाची आणि आल्याची गाठ पुन्हा पडली ती अशी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ काढला, त्यात आल्याचा समावेश आहे. मळमळ व ओकारी यांवर आल्याचा उपयोग होतो यास बराच आधार मिळाला आहे. परंतु 'विश्वभेषज' या नावास आधार मिळालेला नाही, तो मिळण्याचा संभवही नाही. उलट, रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आल्याची औषधी मात्रा वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, अतिरेक झाल्यास छातीत जळजळ होते, हेही आजचे वैद्यक सांगते. रक्तपित्तात आले वर्ज्य करणारा भावमिश्र येथे सहजच आठवतो. दोन्ही शास्त्रांची भाषा निराळी आहे, त्यांचे मेळ ओढूनताणून घालू नयेत, हे आम्ही जाणतो. पण औषधाबरोबर निषेधही सांगितला पाहिजे, या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे.

सरतेशेवटी घराचा विचार करू. कारण हे ज्ञान सर्वांत अधिक काळ जगले ते ग्रंथांत नव्हे, घरांत. बाळंतिणीस सुंठ द्यावयाची ही आपली जुनी चाल. म्हणूनच रामनवमीस आणि जन्माष्टमीस देवाचा जन्म झाला की सुंठवडा वाटतात. देवाच्या आईलाही बाळंतिणीचे पथ्य चुकलेले नाही. बाळगुटीतील सुंठ सहाणेवर उगाळताना किती वेढे द्यावयाचे हे बाळाच्या वयावरून ठरे. ती आमच्या आज्यांची मात्रेची पद्धती होती. डोके दुखल्यास सुंठीचा लेप, पडशास आल्याचा रस, थंडीत आलेपाक, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. 'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण तर खोकल्यावर सुंठ द्यावयाची हे गृहीत धरूनच बोलते. यांतील सर्वच रीती राखण्याजोग्या आहेत असे नव्हे. एक वर्षाच्या आतील मुलास मधाचे चाटण देऊ नये, हा आजच्या वैद्यकाचा इशारा निमूटपणे मानला पाहिजे. तान्ह्या बाळास काहीही उगाळून देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारले पाहिजे. पण जे सोडावयाचे ते काय होते हे नीट जाणून सोडावे. नुसते विसरून जाऊ नये.

आणि आज विसरण्याचाच वेग मोठा आहे. आल्याची पूड आता कॅप्सूलमध्ये भरून मिळते. वेष्टनावर गुणांची लांबलचक यादी असते. परंतु ओले की सुके, कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीस, कोणी घेऊ नये, ही भावमिश्राची आणि आजीची तिन्ही-चारही कलमे तीत बहुधा सापडत नाहीत. 'विश्वभेषज' एवढेच नाव उरते आणि त्याभोवतीचा विवेक गळून पडतो. परंपरेचा जयघोष करणारे हेच विकतात आणि परंपरेची थट्टा करणारे याचीच थट्टा करतात. खरी परंपरा, म्हणजे भेद ओळखणारी, आक्षेप घेणारी, निषेध सांगणारी, ती दोघांच्याही दृष्टीआड राहते.

या बाबतीत आपण शिक्षक आणि साहित्यसेवक काय करू शकतो? औषध देणे हे आपले काम नव्हे. शब्द जतन करणे हे मात्र आपलेच काम आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूल, तंबाखू यांसारख्या नित्याच्या वस्तूंचा इतिहास धुंडाळून या क्षेत्रातील वाट घालून दिलेली आहे. आपण जे मराठी भाषक गोव्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, त्या आपल्या घरांत तर दोन-दोन, तीन-तीन भाषांचे शब्द एकाच सहाणेवर उगाळले गेले आहेत. बडोद्याच्या मराठी घरात बाळंतिणीच्या सुंठीस कोणते नाव आहे? बेळगावच्या घरात 'अल्ल' म्हणतात की 'आले'? कोणत्या आजारात ते देत नाहीत? मात्रा कशी मोजतात? आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एवढे चार प्रश्न देऊन त्यांच्या आजीकडे पाठवावे. आलेली उत्तरे गाव, वय आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने लिहून, या संस्थेच्या कार्यालयाकडे धाडावी. ओर्ताच्या ग्रंथात जी नावे राहून गेली आणि व्हान रेडेच्या ग्रंथात जी आली, त्या दोहोंतील अंतर एका कागदाच्या तुकड्याएवढेच होते. तो कागद आपण पुरवावा, अशी आमची या मासिकाच्या वाचकांस विनंती आहे. सांगणाऱ्या आज्या अद्याप आहेत. त्या आहेत तोवरच हे काम होईल.